दंडावरचा सेन्सर ठेवू की काढू?

पत्र थोडक्यात: सांगली जिल्ह्यातल्या ४७ वर्षांच्या एक ताई, सहकारी बँकेत नोकरीला. चार महिन्यांपूर्वी टाइप २ मधुमेहाचं निदान झालं. तेव्हा उपाशीपोटी साखर १४८, जेवणानंतर २३२ आणि तीन महिन्यांची सरासरी, म्हणजे एचबीए१सी, ७.९ होती. मेटफॉर्मिन ही साखर आटोक्यात ठेवणारी गोळी सुरू झाली. पुण्यातल्या मुलाने दंडाला लावायचा ग्लुकोज सेन्सर पाठवला आणि त्याचे आकडे स्वतःच्याही मोबाइलवर जोडून घेतले. संकष्टीला ताईंनी साबुदाण्याची खिचडी खाल्ली, आकडा २३६ वर गेला आणि तासाभरात मुलाचा फोन आला, "आई, काय खाल्लंस?" आता त्यांनी भाकरी-भात बंद केलाय. भूक लागली की शेंगदाणे आणि फरसाण, कारण "त्याने ग्राफ हलत नाही". काही न खाताही सकाळी आकडा चढतो. एकदा पहाटे तीनला ५८ चा गजर वाजला, त्यांनी घाबरून साखर खाल्ली. चैत्रातल्या हळदीकुंकवाला सासूबाई चारचौघींत म्हणाल्या, "सुईवर आली गं माझी सून." अ‍ॅप सरासरी १४६ दाखवतं आणि "८१ टक्के वेळ मर्यादेत" असं म्हणतं. ताईंना वाटतं, १९ टक्के नापास. महिन्याभरापूर्वीच्या तपासणीत एचबीए१सी ७.४ आलं, डॉक्टर दुसरी गोळी वाढवू म्हणतात. हिमोग्लोबिन ९.६ आहे. मुलगा म्हणतो सेन्सर कायमचा लावायचा. खर्च झेपत नाही, आणि काढला तर "आंधळी होईन" अशी भीती. काय करू?

प्रिय ताई,

आधी थेट उत्तर देते. आत्ता दंडावर आहे तो सेन्सर मुदत संपेपर्यंत राहू द्या. मुलाच्या मोबाइलवर जाणारे आकडे मात्र आजच बंद करा. आणि हा निघाला की लगोलग दुसरा लावू नका. टाइप २ असलेल्या आणि फक्त मेटफॉर्मिनवर असलेल्या माणसाला सेन्सर बारा महिने तेरा त्रिकाळ लावण्याची गरज सहसा नसते. वर्षातून दोन-तीनदा, काहीतरी नेमकं शोधायचं असेल तेव्हा लावला, तर तो खूप शिकवतो. सध्या तो तुम्हाला शिकवण्याऐवजी धाक दाखवतोय.

तुमच्या ८१ टक्क्यांपासून सुरुवात करू, कारण ते तुम्ही फारच मनाला लावून घेतलंय. चोवीस तासांपैकी साडेएकोणीस तासांच्या आसपास तुमची साखर ७० ते १८० च्या मध्ये होती, एवढाच त्याचा अर्थ. २०१९ साली देशोदेशीच्या मधुमेहतज्ज्ञांनी एकत्र येऊन सेन्सरसाठी उद्दिष्टं ठरवली. बहुतेक प्रौढांसाठी ती अशी आहेत: ७० टक्क्यांहून जास्त वेळ या पट्ट्यात, ७० च्या खाली चार टक्क्यांपेक्षा कमी, १८० च्या वर पंचवीस टक्क्यांपेक्षा कमी. थकलेल्या, इतर आजार असलेल्या वृद्धांसाठी तर निम्मा वेळ पट्ट्यात असला तरी चालतो. शंभर टक्के कोणीही मागितलेले नाहीत. निदानानंतर चार महिन्यांत ८१ वर पोचलात, याचं मला मनापासून कौतुक वाटतं. तुमच्या डॉक्टरांनाही वाटेल, त्यांना तो अहवाल नुसता दाखवा.

पण या आकड्याच्या मागे एक समजूत आहे, आणि तिच्यापाशी थोडं थांबायला हवं. रेष वर गेली की आपलं काहीतरी चुकलं, असं तुम्ही धरून चालला आहात. मधुमेह नसलेल्या माणसाच्या दंडाला सेन्सर लावला, तरी वरण-भातानंतर रेष वर जाते. १४० पर्यंत सहज जाते, कधी त्याच्याही वर. जेवल्यावर साखर रक्तात येणारच, त्यासाठीच तर आपण जेवतो. बघायचं ते एवढंच की ती किती वर गेली आणि खाली यायला किती वेळ लागला. जेवायला बसल्यापासून दीड-दोन तासांत १८० च्या आत राहिली आणि तीन तासांपर्यंत जेवणाआधीच्या आकड्याजवळ आली, तर त्या जेवणाची चिंता करायचं कारण नाही. सपाट रेष हे कोणत्याच डॉक्टरने तुम्हाला दिलेलं ध्येय नाही. ते तुम्ही स्वतःवर लादून घेतलंय.

याच सपाट रेषेच्या नादात तुम्ही फरसाणाकडे वळलात. तुमच्या पत्रातली मला सगळ्यात जास्त काळजी वाटली ती याची. शेवेने, तळलेल्या डाळीने ग्राफ फारसा हलत नाही हे खरं आहे, कारण तेलामुळे पोट सावकाश रिकामं होतं आणि साखर रक्तात हळूहळू येते. पण सेन्सरला फक्त ग्लुकोज कळतं. त्याला मीठ दिसत नाही, रक्तदाब दिसत नाही, कोलेस्टेरॉल दिसत नाही, वजन दिसत नाही. मधुमेहात हृदयाचा आणि मूत्रपिंडाचा धोका या सगळ्यांतून मिळून येतो. ज्वारीची एक भाकरी, मेथीची भाजी आणि वाटीभर मुगाची उसळ हे जेवण ग्राफवर एक छोटासा डोंगर काढेल, आणि तरीही ते बशीभर फरसाणापेक्षा कितीतरी चांगलं आहे. भाकरी परत सुरू करा. मूठभर शेंगदाणे चालतील, पण जेवणाऐवजी नकोत.

आता त्या पहाटेच्या ५८ बद्दल. सेन्सर रक्तातली साखर मोजत नाही. केसासारखा बारीक तंतू कातडीखाली असतो, तो पेशींच्या मधल्या द्रवातलं ग्लुकोज मोजतो. रक्तात जे घडतं ते तिथे काही मिनिटं उशिरा पोचतं. शिवाय तुम्ही त्याच दंडावर दाब देऊन झोपलात, तर त्या जागेचा प्रवाह मंदावतो आणि खोटा कमी आकडा येतो. रात्री एकाएकी खोल खड्डा आणि कूस बदलल्यावर लगेच पूर्ववत रेष, असं दिसलं तर बहुतेक वेळा हेच असतं. नुसत्या मेटफॉर्मिनवर खरोखर ५८ होणं दुर्मिळ आहे. पुढच्या वेळी गजर झाला तर आधी उठून बसा, घाम, थरथर, छातीत धडधड आहे का बघा आणि कपाटातला ग्लुकोमीटर काढून बोटावर तपासा. सेन्सरचा आकडा आणि शरीराची जाणीव जुळत नसेल, तर बोटाचा आकडा धरायचा. नवा सेन्सर लावल्यानंतरच्या पहिल्या दिवसाचे आकडेही फार मनावर घ्यायचे नसतात, तो स्थिरावायला वेळ घेतो.

हे वाचणाऱ्यांपैकी जे इन्सुलिन घेतात किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइडसारख्या गोळ्या घेतात, त्यांनी मात्र कमी साखरेचा गजर कधीच झटकून टाकू नये. त्यांची साखर खरोखर उतरू शकते. तपासता येत असेल तर तपासा, येत नसेल किंवा लक्षणं असतील तर आधी तीन छोटे चमचे साखर पाण्यातून घ्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा आकडा बघा.

सकाळी काही न खाता आकडा चढतो, तोही तुमचा दोष नाही. पहाटे शरीर जागं व्हायची तयारी करतं, कॉर्टिसॉल आणि वाढीचं हार्मोन यांचा जोर वाढतो, आणि यकृत साठवलेली साखर रक्तात सोडतं. मधुमेह नसलेल्यांत इन्सुलिन ती लगेच आवरतं, मधुमेह असलेल्यांत ती जरा रेंगाळते. त्यासाठी रात्रीचं जेवण टाळून उपयोग होत नाही. आदल्या रात्री नवाच्या आत जेवण, मग थोडी शतपावली, पुरेशी झोप, यांनी फरक पडतो. तरीही आकडा सतत चढाच राहिला तर गोळीची वेळ किंवा मात्रा बदलायची का, हे डॉक्टर ठरवतील.

ताई, तुम्ही पत्राच्या शेवटी हिमोग्लोबिन ९.६ असल्याचं जाता जाता लिहिलंय. माझी नजर तिथेच अडली, कारण ते कमी आहे, आणि त्यामागे बहुतेकदा लोहाची कमतरता असते. एचबीए१सी ही तपासणी तांबड्या पेशींना चिकटलेली साखर मोजते. अंगात लोह कमी असलं की या पेशी नेहमीपेक्षा जास्त दिवस रक्तात फिरत राहतात, आणि त्यामुळे सरासरी खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकते. रक्तस्राव जास्त होत असेल किंवा थॅलेसेमियासारखा रक्ताचा आनुवंशिक आजार असेल, तर ती उलट कमीही दिसू शकते. तुमच्या सेन्सरची १४६ ही सरासरी एचबीए१सीच्या भाषेत साधारण ६.८ होते. प्रयोगशाळा म्हणते ७.४. या फरकाचं एक कारण साधं असू शकतं: सेन्सर गेल्या काही दिवसांचं सांगतो, तपासणी तीन महिन्यांचं, आणि मधल्या काळात तुमच्या खाण्यात बदल झालाय. पण दुसरं कारण हे कमी हिमोग्लोबिनही असू शकतं. दुसरी गोळी वाढवण्याआधी डॉक्टरांसमोर सेन्सरचा अहवाल, एचबीए१सीचा कागद आणि हिमोग्लोबिनचा रिपोर्ट हे तिन्ही एकत्र ठेवा आणि विचारा, "लोह कमी असल्यामुळे हा आकडा फसवत असेल का?" निदान चुकलं होतं असा अर्थ यातून काढू नका. उपाशीपोटीचे १४८ आणि जेवणानंतरचे २३२ स्वतंत्रपणे मधुमेहच सांगतात. आणि चालू गोळी स्वतःहून बंद करू नका. पण एक गोळी जास्त की कमी, हा निर्णय या तीन कागदांवरून होण्यासारखा आहे. तुमच्या सेन्सरने एकट्याने एवढं जरी केलं असेल, तरी मुलाचे पैसे वाया गेले नाहीत. हिमोग्लोबिन का कमी आहे याचा तपासही लगेच करून घ्या. तो वेगळा आजार आहे आणि त्याला वेगळे उपचार लागतात.

राहिलेले दिवस कसे वापरायचे? नुसतं दिवसभर बघत बसण्यापेक्षा एक-दोन प्रश्न घ्या आणि ते सोडवा. समजा प्रश्न पोह्यांचा आहे. एका सकाळी नेहमीचे बशीभर पोहे खा, नेहमीसारखेच. दुसऱ्या सकाळी तेवढेच पोहे, पण आधी वाटीभर मटकीची उसळ. तिसऱ्या सकाळी पुन्हा पोहे, आणि मग बँकेत जाताना पंधरा मिनिटं पायी चाला. प्रत्येक वेळी खाण्याआधीचा आकडा, सर्वांत वरचा आकडा आणि तीन तासांनंतरचा आकडा एवढं वहीत लिहा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, दोन बदलल्या तर कशाने काय झालं कळणार नाही. आधी भाजी-उसळ आणि मग भात-भाकरी, किंवा जेवणानंतर चालणं, यांनी बहुतेकांचा डोंगर बुटका होतो. पण तुमचा किती होतो, हे फक्त तुमच्या दंडावरून कळेल. सेन्सरचं खरं मोल इथे आहे. एकाच घरात, एकाच ताटातला भात नवऱ्याला १५० वर नेतो आणि बायकोला २१० वर, असं मी पुष्कळदा पाहिलंय.

संकष्टीच्या खिचडीचं म्हणाल तर साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, २३६ गेले यात नवल नाही. उपास सोडायची गरज नाही. खिचडी अर्धी वाटी, तिच्याआधी काकडीची कोशिंबीर आणि वाटीभर दही, नाहीतर राजगिऱ्याची भाकरी आणि शेंगदाण्याची आमटी, असं करून बघा. चंद्रोदय उशिरा असतो, मग जेवण, मोदक आणि लगेच झोप, यानेही रात्रभर आकडा वर राहतो. त्या दिवशी जेवणानंतर अर्धा तास तरी उभ्याने कामं करा. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड घेणाऱ्यांनी मात्र कडक उपास धरण्याआधी डॉक्टरांना विचारलंच पाहिजे.

"काढला तर आंधळी होईन" असं लिहिलंत. घरी ग्लुकोमीटर आहे ना? आठवड्यातून दोन दिवस, एकाच जेवणाच्या आधी आणि त्यानंतर दोन तासांनी, असे जोडीने आकडे घ्या. एका आठवड्यात नाश्त्याचे, दुसऱ्यात दुपारच्या जेवणाचे. वीस-पंचवीस रुपयांच्या आसपासची पट्टी लागते. त्यात तीन महिन्यांची तपासणी धरली, तर मेटफॉर्मिनवरच्या माणसाला पुरेसं दिसतं. सेन्सर चौदा-पंधरा दिवस चालतो आणि आपल्याकडे त्याला साधारण चार-पाच हजार पडतात. कायम लावायचा म्हटलं तर वर्षाला लाखाच्या वर. त्यातल्या थोड्याशा पैशांत डोळ्यांच्या पडद्याची तपासणी, लघवीतल्या प्रथिनांची तपासणी, कोलेस्टेरॉल आणि पायांची तपासणी होते. या चारही तपासण्या निदानाच्या वर्षीच व्हायला हव्यात. तुमच्या पत्रात त्यांचा उल्लेख नाही. झाल्या नसतील तर पुढचा सेन्सर घेण्याआधी त्या करून घ्या.

तुमच्यासारखीच ज्यांची आकड्यांनी झोप उडते, त्यांच्यासाठी आणखी एक सोय असते. काही सेन्सर असे असतात की दंडावर ते दोन आठवडे राहतात, पण आकडे रुग्णाला दिसत नाहीत. शेवटी डॉक्टर ते वाचून सगळा आलेख समोर मांडतात. १९९९ साली अमेरिकेत मान्यता मिळालेला पहिला असा सेन्सर याच पद्धतीचा होता. तीन दिवस अंगावर राहायचा आणि मग दवाखान्यात उतरवून वाचला जायचा. दिवसभर हातातल्या फोनवर आकडे बघण्याची सवय बरीच नंतरची आहे, आणि ती प्रत्येकाला मानवेलच असं नाही. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे या प्रकाराची चौकशी करा.

हे सगळं वाचून कोणी मुलाबाळांचा सेन्सर काढू नये, म्हणून स्पष्टच लिहिते. टाइप १ असलेली मुलं आणि मोठी माणसं, दिवसातून अनेकदा इन्सुलिन घेणारे, साखर उतरली तरी ज्यांना लक्षणं जाणवत नाहीत असे वृद्ध, यांच्यासाठी सेन्सर जीव वाचवणारी वस्तू आहे. परवडत असेल तर त्यांनी तो सलग लावावा, आणि त्यांचे आकडे घरच्यांच्या फोनवर असावेतच. टाइप १ असलेल्या लेकीच्या रात्रीच्या गजरासाठी जागणाऱ्या आईबापांना मी कधीही फोन बंद करा म्हणणार नाही. गरोदरपणातल्या मधुमेहात तर पट्टाच वेगळा, ६३ ते १४० चा असतो, तिथे डॉक्टर सांगतील तसंच.

तुमच्या मुलाबद्दल. तो हक्काने ओरडतो, कारण घाबरलाय. लांब राहणाऱ्या मुलांना आईच्या आजारात करण्यासारखं फार थोडं असतं, आणि या सेन्सरने त्याला रोज काहीतरी करता येतंय असं वाटतं. पण प्रत्येक घासानंतर फोन आल्यामुळे तुम्ही जेवण लपवायला लागाल. पुष्कळ घरांत हेच होतं: सेन्सर काढून मग श्रीखंड खाल्लं जातं. त्याला सरळ सांगा, "बाळा, तुझी काळजी मला कळते. पण माझं ताट मी बघेन. दर रविवारी आठवड्याचा अहवाल तुला पाठवेन, आपण दोघं मिळून वाचू. मधल्या दिवसांत फोन कर, पण शुगर सोडून बाकी सगळं बोल." रागाच्या भरात सांगू नका, आकडे बंद करतानाच शांतपणे सांगा. त्याला खरोखर हातभार लावायचा असेल, तर डोळ्यांच्या तपासणीला तुमच्याबरोबर यायला सांगा. डोळ्यांत थेंब घालतात, दोन-चार तास नीट दिसत नाही, कोणीतरी सोबत लागतंच.

सासूबाईंनी चारचौघींत बोलून दाखवलं ते लागलं असणार. त्यांना एकदा घरात निवांतपणे सांगा की ही सुई नाही, औषधही नाही, हे फक्त मोजायचं यंत्र आहे. आणि इन्सुलिन लागलं म्हणजे सगळं संपलं असं नसतं, हेही सांगा. त्यांच्या काळी फार उशिरा इन्सुलिन दिलं जायचं, तेव्हाच्या आठवणी त्यांच्या मनात असतील. लपवायची गोष्ट तर ही नाहीच. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, देशव्यापी पाहणीत भारतात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज निघाला. आपल्या शेजारच्या गोव्यात तर प्रमाण देशात सर्वांत जास्त, शंभरातल्या २६ प्रौढांना. त्या हळदीकुंकवाला आलेल्यांतही काही जणींना असणार, काहींना माहीतसुद्धा नसेल. कोणी दंडाकडे बघून विचारलं तर सांगा, आणि उपाशीपोटी साखर तपासून घ्यायला सुचवा. सांगावंसं नसेल तर लांब बाहीचा ब्लाउज घाला, त्यातही काही वावगं नाही.

जाता जाता दोन बारीक गोष्टी. सर्दी-खोकल्यात व्हिटॅमिन सीच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या घेत असाल तर काही सेन्सर खोटा जास्त आकडा दाखवतात. एमआरआय काढायचा असेल तर सेन्सरच्या खोक्यातल्या सूचना वाचून तो आधी उतरवावा लागतो. चिकटपट्टीखाली खाज, पुरळ आलं तर तसंच सहन करू नका, काढा आणि पुढच्या वेळी दुसऱ्या दंडाला लावा.

पुढचा सेन्सर श्रावणाच्या सुरुवातीला लावा. सोमवार, शनिवार, नागपंचमीची दिंडं, नारळीभात, असं सगळं त्या दोन आठवड्यांत येतं का ते कॅलेंडरवर बघून तारीख ठरवा, आणि लावण्याआधी वहीत प्रश्न लिहून ठेवा. तोवर कमी हिमोग्लोबिनवर उपचार सुरू झालेले असतील. हिमोग्लोबिन वर आल्यानंतर एचबीए१सी पुन्हा कधी करायचं, हे डॉक्टरांकडून आत्ताच ठरवून घ्या, म्हणजे दुसऱ्या गोळीचा प्रश्नही तेव्हा नीट सुटेल.